धोंड्याच्या महिन्यातले ढेकरे आबा

१९ मे, मंगळवार. डोंगरकडा

"वैजू, तुझं निरीक्षण आटलंय," असं ऐश्वर्या मॅडम मला तोंडावर म्हणाल्या, म्हणून ही डायरी. आटायला ती काय विहीर आहे? निरीक्षण हा माझा धंदा आहे. दोन वर्षं दर रविवारी टीव्हीवर 'खुसखुशीत खानावळ'मध्ये ढेकरे आबा कोण करतो? मी. लिहितो कोण? मीच. वसमतच्या वैजनाथाचा वैजू वसमतकर झाला तो काय फुकट? तरी म्हटलं, मॅडम चॅनेलच्या आहेत, रोज चार ओळी टिपून ठेवू.

प्रसंग बाका आहे. सीझनचा शेवटचा भाग १० जूनला रेकॉर्ड होणार. ढेकरे आबा हे पात्र माझ्या खऱ्या सासऱ्यांवरून घेतलंय, हे मॅडमना कुठून तरी कळलं. आता त्यांना ते सासरे पहिल्या रांगेत बसलेले हवेत. शिवाय एक कोरं करकरीत पात्र हवंय. यातलं काही जमलं नाही तर पुढच्या सीझनला माझी जागा त्या दोन नव्या पोरांना. कानामागून आली आणि तिखट झाली.

आता गंमत अशी की सासऱ्यांना यातलं काहीच माहीत नाही. प्रत्येक मुलाखतीत मी सांगत आलोय की ढेकरे आबा पूर्णपणे काल्पनिक आहेत, कुणाशीही संबंध नाही. खरं सांगायचं तर सगळं त्यांचंच उचललंय. व्यंकटरावमामा (आमच्याकडे सासऱ्याला मामा आणि सासूला मामी म्हणतात) कुठलीही वस्तू वापरण्याआधी दोन बोटांनी ठोकून बघतात. मग ती खुर्ची असो, टरबूज असो, नाहीतर मेहुण्याच्या पोराचं डोकं. आणि बोलायच्या आधी म्हणतात, "आमचं काय म्हननं न्हाई, पन..." त्या 'पन'नंतर पाऊण तास म्हणणं चालतं. हे दोन्ही मी घेतलं. ढेकर तेवढा माझा.

मुहूर्त मात्र झकास साधलाय. तीन वर्षांनी येणारा धोंड्याचा महिना लागलाय. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. त्याला बोलवायचं, धोंडे खाऊ घालायचे, आणि तो मागेल त्याला नाही म्हणायचं नाही. मी मागणार आहे. कसं ते अजून ठरलं नाही.

गंमत अशी की गाडी नांदेडला वेळेवर पोचली. मेहुणा बालाजी जीप घेऊन आला होता. ऊन इतकं की उतरल्या उतरल्या कपाळ पुसलं, रुमालाची चारपदरी घडी करून खिशात ठेवला. बालाजी उगाच हसला. भोळा आहे पोरगा.

२० मे, बुधवार

पहिलं धोंड्याचं जेवण. पाटावर बसवलं, पाय धुतले, कुंकू लावलं. धोंडे म्हणजे पुरण भरून उकडलेले गोळे, वर तुपाची धार. मामी वाढत होत्या आणि मी "बस, बस, बस" म्हणत होतो, तरी ताटात पडतच गेले.

"काहून लाजून राहिलेत जावाईबापू?" मामी म्हणाल्या. "तोंडानं बस म्हनता अन् ताट पुढं करता."

ताट पुढं? मी तर हात आडवा धरला होता. शालूमामींना हल्ली कमी दिसत असावं.

घरातला टीव्ही कापडानं झाकलेला होता. विचारलं तर मामी म्हणाल्या, "बिघडलाय. दोन साल झाले." म्हणजे ज्या माणसाला अख्खा महाराष्ट्र ओळखतो त्याचा एकही भाग त्याच्या सासुरवाडीनं पाहिलेला नाही! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. एका अर्थी बरंच झालं म्हणा. पण मग ताक वाढताना त्यांनीच विचारलं, "त्या दिवाळीच्या भागात पोट खरं होतं का उशी बांधली होती?" मी वर पाहिलं. मामी घाईनं म्हणाल्या, "भिकाबाईनं सांगितलं व्हतं मला." भिकाबाई म्हणजे शेजारच्या चुलत सासूबाई.

मामा गप्प होते. जेवायला बसताना त्यांची दोन बोटं पाटाकडे गेली, मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बोटं मागं घेतली. मधेच "आमचं काय..." म्हणाले आणि तांब्या तोंडाला लावला. मी कान टवकारून बसलो होतो. पुढं काही आलंच नाही.

रात्री बायकोला, प्रियाला विचारलं, तुझे आप्पा एवढे गप्प का? "दोन वर्षं झाली, असेच आहेत," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. म्हटलं, वय झालं की होतं तसं. तिनं उशी अशी काही आपटली की कापूस उडाला. उन्हाळ्यात प्रियदर्शनीचं डोकं फार लवकर तापतं.

२२ मे, शुक्रवार

मामांना घेऊन गावात चक्कर मारली. ते निघायलाच तयार नव्हते. "जरा जाऊन या की, कुठवर घरात बसता," म्हणत मामींनी अक्षरशः ढकललं.

काय सांगू, कोपऱ्यावर वळतो न वळतो तोच पोरांची फौज! "ढेकरे आबा! ओ ढेकरे आबा! ढेकर द्या की!" मी हात हलवला, गॉगल काढला, फुंकर मारून पुसला, पुन्हा घातला. इतकी वर्षं झाली तरी कौतुक अंगावर येतं तेव्हा संकोच वाटतो. मामा मात्र मान खाली घालून झपझप पुढं निघून गेले. साधा माणूस. जावयाची प्रसिद्धी झेपत नसावी.

हॉटेलात तोच प्रकार. मालक किसनसिंग मामांना म्हणाला, "या आबा, बसा. खुर्ची ठोकून बघा आधी!" सगळं हॉटेल हसलं. मीही हसलो, आपलंच लेखन लोकांच्या तोंडी ऐकायला कुणाला आवडत नाही? मामांनी चहा अर्धा टाकला.

परतताना एक जण माझ्याकडे टक लावून बघत होता. मी आपणहून म्हणालो, "सेल्फी घ्यायचाय ना? या, लाजू नका." तो म्हणाला, "न्हाई, जरा बाजूला व्हा, म्हैस जाऊ द्या." तरी काढला मी सेल्फी. त्यालाही आठवण राहील.

२३ मे, शनिवार

आज भिकाबाईंकडे धोंडे. काल सटवाजीअण्णांकडे. उद्या भावकीतच आणखी दोन घरी. प्रत्येक घरी टॉवेल-टोपी. एवढे टॉवेल झालेत की मुंबईत हॉटेल काढता येईल. पोट आता माझं राहिलेलं नाही.

भिकाबाईंना माझे सगळे भाग तोंडपाठ असतील म्हणून गप्पा मारायला गेलो, तर त्यांच्या घरी टीव्हीच नाही. फोनही बटणांचा. म्हाताऱ्या माणसांची स्मरणशक्ती खरंच अफाट असते.

२५ मे, सोमवार

आज एक प्रयोग केला. मामा जोवर 'आमचं काय म्हननं न्हाई' म्हणत नाहीत, तोवर मॅडमना मी काय नेऊन दाखवणार? गप्प बसलेला सासरा? तोंड उघडावं म्हणून काहीतरी डिवचायला हवं होतं. कुणाचं लक्ष नाही बघून मी मामांच्या वरणात मूठभर मीठ टाकलं. मीठ कमी-जास्त झालं की हा माणूस पूर्वी जेवणच थांबवून व्याख्यान द्यायचा.

मामांनी पहिला घास घेतला. डोळे मोठे झाले. मी श्वास रोखून बसलो. मामांनी मामींकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग वाटीकडे. आणि अख्खी वाटी संपवली.

"कसं झालंय वरण?" मीच न राहवून विचारलं.

"झ्याक," मामा म्हणाले आणि तांब्याभर पाणी प्यायले. मग आणखी एक तांब्या.

गंमत अशी की उरलेलं वरण मामींनी मलाच वाढलं, आणि ते चांगलं होतं. निरीक्षण: मामांची जीभ गेली. बोलणं गेलं, चव गेली. आता चॅनेलला काय सांगू?

२६ मे, मंगळवार

मॅडमचा फोन. घरात रेंज येत नाही म्हणून ओट्यावर चकरा मारत बोललो. त्या म्हणाल्या, नवीन पात्र कुठंय, सासरे कुठंयत? म्हटलं, येस मॅडम, दोन्ही पाइपलाइनमध्ये आहे, नो मॅडम, अजिबात काळजी नको. त्या नव्या पोरांनी म्हणे पाच स्किट लिहून दिली. पाच! लिहिणं म्हणजे काय पापड लाटणं आहे?

भीती वाटतेय, हे कबूल करायला हवं. अठराव्या वर्षी वसमतहून निघालो तेव्हा खिशात एकच गोष्ट होती, लोकांना हसवता येतं एवढी. तीच गेली तर मी प्रियाला आणि गावाला काय तोंड दाखवू? हे वाक्य आत्ताच दोनदा वाचलं. त्यात हसण्यासारखं काही नाही.

२७ मे, बुधवार. एकादशी

आज देवच पावला. हे शांतपणे लिहायला हवं.

एकादशी म्हणून धोंड्यांना सुट्टी होती. साबुदाण्यावर निभावलं. दिवेलागणीला मारुतीच्या देवळापुढं सोंगी भजन होतं. आमच्या भागातलं सोंगी भजन ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो: पेटी, मृदंग, टाळ, अभंग, आणि मधे मधे कुणीतरी सोंग घेऊन येतो. कधी वासुदेव, कधी सावकार, कधी भांडखोर सासू. लोक हसून लोटपोट होतात आणि मग पुन्हा अभंग.

पेटीवाल्या वसरामनं हात वर केला. "मंडळी, दोन सालानं आज व्यंकटराव सोंग घेनार हायत!" टाळ्यांचा कडकडाट. मी प्रियाकडे बघितलं. "आप्पा सोंग घेतात?" "मी शाळेत होते तेव्हापासून," ती म्हणाली. "तुम्ही कधी विचारलं नाहीत." खरंच, विचारायचं राहून गेलं असावं.

मामा देवळामागून आले. पँट घातलेली, डोळ्यावर काळा गॉगल. अगदी माझ्यासारखाच. माझा खिशात चाचपला तर नव्हता, घरी राहिला असणार.

सोंग होतं एका माणसाचं. तो जीपमधून उतरतो. कुणी बघतंय का, हे आधी बघतो. कुणी बघत नसेल तर खोकतो. गॉगल काढून फुंकर मारतो, पुन्हा घालतो. मग कपाळ पुसतो, घाम किती आला ते रुमालात बघतो, त्याची चारपदरी घडी घालतो आणि खिशावरून वर थोपटतो, जणू आत मूल झोपलंय. जेवायला बसतो तेव्हा तोंडानं "बस, बस, बस" आणि ताट पुढं, आणखी पुढं, वाढणाऱ्याच्या गुडघ्याला लागेपर्यंत. फोन आला की उठतो आणि मृदंगवाल्याभोवती चकरा मारतो, "येस मॅडम! नो मॅडम!" मृदंगवाला बिचारा प्रत्येक फेरीला मान खाली घालतो. शेवटी तो एका म्हशीला गाठतो आणि म्हणतो, "सेल्फी घ्यायचाय ना? लाजू नका."

आणि या सगळ्यात त्याची एक लकब! बोलायच्या आधी म्हणतो, "गंमत अशी की..." लोक कान देतात. आणि तो म्हणतो, "गंमत अशी की काल मंगळवार होता."

मेलो. अक्षरशः मेलो. इतका मी गेल्या पाच वर्षांत हसलो नव्हतो. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसून रुमाल घडी करून ठेवला तर सगळं गाव माझ्याकडे बघून आणखीच हसलं. मामी पदराचा बोळा तोंडात घालून रडत होत्या. बालाजी जमिनीवर लोळत होता. गावाला बरोबर कळतं, कलाकाराची खरी दाद कलाकारच देतो.

गंमत अशी की मी इतकी वर्षं मुंबईत पात्रं शोधत हिंडलो आणि पात्र इथं देवळापुढं उभं होतं. कोण असेल हा माणूस? असा वेडा खरंच कुठं असतो का? असणारच. इतके बारकावे कल्पनेनं सुचत नाहीत.

२८ मे, गुरुवार

सकाळपासून त्या माणसाचा तपास. मामी म्हणाल्या, "हाय येक. गावचा जावई." आणि चुलीकडे तोंड फिरवून खांदे हलवत बसल्या. बालाजी कूलरमागं जाऊन लपला. प्रिया म्हणाली, "भेटेल तुम्हाला कधीतरी." या घरात सरळ उत्तर मिळणं मुश्कील आहे.

मामांना केळीच्या बागेत गाठलं. म्हटलं, मामा, कमाल केलीत. पण एक सांगा, असा माणूस स्वतःला ओळखत कसा नाही?

मामा थांबले. केळीच्या खोडाकडे त्यांची दोन बोटं गेली, आणि या वेळी त्यांनी खोड ठोकलं. टक टक.

"न्हाई वळखत," ते म्हणाले. "त्याचं काय हाय, दुसऱ्याचं बघायची सवय लागली की आपलं दिसंना व्हतं."

काय वाक्य आहे! लगेच टिपलं. त्या माणसाला नाव दिलंय गंमतराव.

३० मे, शनिवार

स्किट लिहून झालं. एका बैठकीत. मॅडमना ओट्यावरून वाचून दाखवलं, त्या फोनवर इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "वैजू, हा माणूस तुला कुठं सापडला?" म्हटलं, निरीक्षण मॅडम, निरीक्षण. पण सासरे हवेतच, म्हणाल्या.

शेवटी संध्याकाळी धीर केला. धोंड्याचा जावई म्हणून एक मागतो, म्हणालो, माझ्या कार्यक्रमाला मुंबईला या. पहिल्या रांगेत बसा, बस. ढेकरे आबांचं मात्र काही बोललो नाही. बोलणार होतो, पण मामींनी तेवढ्यात शेवयांची खीर आणली.

मामांनी खिरीची वाटी खाली ठेवली. "आमाला तकलीफ न्हाई. पन तिथं तुमी काय करनार? आबाचं सोंग का त्या मानसाचं?"

"त्या माणसाचं. गंमतरावचं."

"मंग येतो," मामा म्हणाले.

मामींनी हळूच डोळे पुसले. रेल्वेचा प्रवास म्हटलं की बायका हळव्या होतात.

४ जून, गुरुवार

पाच दिवस तालीम चाललीय. गुरू मामा, मी चेला. लाजिरवाणी गोष्ट लिहितो: मला गंमतरावची चाल जमत नाही. छाती पुढं काढली तर मामा म्हणतात "न्हाई, लई झालं." खांदे पाडले तर "न्हाई, कमी पडलं." "बस, बस, बस" म्हणताना ताट पुढं करायचं मी विसरतो, कारण माझा तसा स्वभावच नाही. तीन दिवस हेच.

आज मामा कंटाळले. "जावाईबापू, तुमी सोंग आनूच नका. उगं तुमी जसे रोज चालता तसे चाला बरं."

मी कंटाळून आपला पाणी प्यायला निघालो. मामा ओरडले, "हां! बराबर! आस्संच!"

बालाजी पुन्हा कूलरमागं. मला काही कळलं नाही, पण गुरूनं बरोबर म्हटलं की बरोबर.

१० जून, बुधवार. मुंबई

झालं. जिंकलो.

मामांनी पांढराशुभ्र सदरा, नवं उपरणं घातलं होतं. पहिल्या रांगेत बसण्याआधी खुर्चीला दोन बोटं लावली, टक टक, आणि बसले. कॅमेऱ्यानं ते टिपलं तेव्हा हॉलमध्ये कुजबुज झाली.

गंमतराव मात्र असा काही रंगला की बोलायचं काम नाही. म्हशीच्या सेल्फीला लोक उभे राहिले. "गंमत अशी की काल मंगळवार होता" म्हटलं तर पाच मिनिटं थांबावं लागलं. ती नवी पोरंही हसली. त्यातला उंच पोरगा तर माझ्याकडे बोट दाखवून हसत होता.

मग सूत्रसंचालकानं माईक सरळ मामांपुढं धरला. हे ठरलं नव्हतं. "आबा, खरं खरं सांगा, ते ढेकरे आबा म्हणजे तुम्हीच ना?"

मामांनी माईक हातात घेतला आणि ठोकून पाहिला. टक टक.

"काल्पनिक हाय त्ये," मामा म्हणाले. "आमच्या जावाईबापूंनीच टीव्हीवर सांगितलंय ना. कुनाशी संबंध न्हाई."

"आणि हे गंमतराव? ते तरी खरे असतील?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या मिशीखाली हसू दिसलं. "त्ये बी काल्पनिकच."

प्रियानं तोंडावर हात धरला होता. मॅडम मागून धावत आल्या. पुढच्या सीझनला दर रविवारी गंमतराव! ढेकरे आबा आता बंद, म्हणाल्या, हे त्याहून भारी आहे.

मामांनी माझी लाज राखली. मी टीव्हीवर त्यांना काल्पनिक म्हणतो, हे त्यांना कुणी सांगितलं असेल? भिकाबाईच असणार.

१४ जून, रविवार. डोंगरकडा

धोंड्याचा महिना उद्या संपतो. भाग सगळ्यांसोबत बघावा म्हणून मामांना सोडायला मीही परत आलो. टीव्ही नेमका परवाच दुरुस्त झाला म्हणे. रिमोटवरचे आकडे मात्र दाबून दाबून पार पुसून गेलेत.

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. भावकी, भिकाबाई, किसनसिंग, वसराम, दारात पोरं. लाइट गेली नाही हा चमत्कारच. गंमतराव पडद्यावर आला आणि घर हसण्यानं दणाणलं. मीही हसत होतो. गर्मीनं जीव चालला होता, कपाळ पुसलं.

स्किट संपलं. जाहिराती लागल्या. मामा घसा खाकरून बोलले.

"आमचं काय म्हननं न्हाई..."

मामींच्या हातातलं भांडं जागच्या जागी राहिलं. दोन वर्षांनी! मला टुणकन उडी मारावीशी वाटली.

"...पन," मामा म्हणाले, "तिथं तुमी रुमाल डाव्या खिशात घातला. खरा उजव्या खिशात जातो."

"कुणाचा खरा?" मी विचारलं.

सगळे बघत होते, पण माझ्या तोंडाकडे नाही, जरा खाली. मीही खाली पाहिलं. माझा उजवा हात उजव्या खिशात होता. चारपदरी रुमाल आत गेला होता आणि मी खिशावरून थोपटत होतो.

गंमत अशी की

नाही. हे वाक्य मी पूर्ण करणार नाही.

मागची पानं आत्ता चाळली. प्रत्येक पानावर आहे तो मेला. म्हैस, ओटा, येस मॅडम, ताट. दोन वर्षं 'काल्पनिक, काल्पनिक' म्हणत मिरवलो, आणि त्या माणसाला मात्र स्वतःच्या घरात, स्वतःच्या पाटावर, स्वतःचं वाक्य तोंडातच गिळून पाणी प्यावं लागलं. मीठ घातलेलं वरणसुद्धा तो मुकाट जेवला, कारण तोंड उघडलं असतं तर मी पुढच्या रविवारी ते विकलं असतं. लाज वाटली. फार लाज वाटली. आणि त्या लाजेतही हसू आवरेना, कारण सोंग खरंच झ्याक होतं.

उठून मामांच्या पाया पडलो. मामांनी माझ्या डोक्यावर दोन बोटांनी ठोकलं, टक टक, टरबुजाला ठोकतात तसं, आणि म्हणाले, "आता पिकून राहिलंय." मग पाऊण तास बोलले. अभिनयावर, लाइटवर, मुंबईतल्या चहावर, चॅनेलवाल्यांच्या खुर्च्यांवर. कुणीही मधे बोललं नाही. मामी धोंडे घेऊन आल्या. "बस, बस, बस," मी म्हणालो, आणि पहिल्यांदाच ताट पुढं जाताना मला दिसलं.

१५ जून, सोमवार

निघालो. सोबत टॉवेलांचं एक वेगळं गाठोडं. नांदेडच्या बससाठी मामा फाट्यापर्यंत सोडायला आले. वाटेत सगळ्या टपऱ्यांपुढून ताठ चालले, किसनसिंगच्या हॉटेलातली खुर्ची ठोकून बसले आणि अख्खा चहा प्यायले.

बस दिसायला लागली तोच कोपऱ्यावरून पोरांची फौज आली. "गंमतराव! ओ गंमतराव! काल कोनता वार होता?"

माझी मान आपोआप खाली गेली. गॉगल काढावा की राहू द्यावा ते कळेना.

शेजारी मामांनी उपरणं सारखं केलं आणि पोरांना अगदी ऐटीत हात हलवला.